चाळीस लिटर की ऐंशी

१४ मार्च, शनिवार. लातूर, सकाळी सव्वासहा

हजर : मी.

गैरहजर : विजया (मुलाकडे हैदराबादला), फरजाना (उजवा गुडघा), सुनंदा (नांदेडला, पण हिच्या नावापुढे मी अजून फुली मारली नव्हती).

हजेरी लिहायची सवय तरणतलावावरची. सकाळच्या महिलांच्या बॅचला आम्ही चौघी नऊ वर्षं एकत्र पोहलो. पन्नाशी झाली की समुद्रावर जायचं आणि लाटांवर सर्फबोर्ड चालवायला शिकायचं, असं एका जानेवारीत थंडीने कुडकुडत ठरलं. सगळ्याच हसल्या, पण मी वहीत लिहून घेतलं. मी एका कॉलेजच्या भांडाराचं काम बघते. लिहून घेतलेली गोष्ट मला खोडता येत नाही.

कर्नाटकच्या किनाऱ्यावर एक शाळा शोधली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातले पाच दिवस ठरवले. खोल्या आधी दोन होत्या, मग दोन खाटांची एक राहिली. शाळेने कळवलं, की येण्याआधी महिनाभर बोर्डावर पालथं पडून हातांनी पाणी मारायचा सराव करून या, वयाच्या मानाने तो लागेल. वयाचं त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं. लातुरात बोर्ड भाड्याने मिळत नाही, हे सांगायला नको. पण फोनवर जुन्या बोर्डांच्या जाहिराती चाळताना एक पत्ता लोहा तालुक्यातला निघाला. समुद्रापासून इतक्या आत दोन सर्फबोर्ड कसे आले हे कळेना, म्हणून फोन केला.

फोनवर बालाजी होता. नऊ वर्षं कर्नाटकच्या किनाऱ्यावर राहिला, आधी एका लॉजच्या स्वयंपाकघरात, नंतर सर्फिंग शिकवायला. वडील गेल्यावर शेती बघायला गावी परतला. त्याच्याकडे दोन बोर्ड होते, एक चाळीस लिटरचा आणि एक ऐंशीचा. मी लगेच म्हणाले, "चाळीसचा चालेल." तो म्हणाला, "मॅडम, येऊन तर बघा."

माझं कारण मी वहीत लिहिलं होतं. चाळीसचा माझ्या गाडीत आत मावतो. सुनंदा आली तर तिला हलका पडेल. आणि लिटर कमी आहेत. हे तिसरं कारण लिहिताना मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. ज्या उन्हाळ्यात लातूरला आगगाडीने पाणी आलं तेव्हा आई होती. दोघींनी मिळून रोज किती लिटरमध्ये भागवलं हे मी अजून सांगू शकते. कमी लिटर म्हणजे शहाणपणा, हे आमच्या हाडांत बसलं आहे. आई गेल्यापासून तर माझं आणखी कमीत भागतं.

लोह्याच्या पुढे

अहमदपूरला चहा घेतला आणि लोह्याच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर डावीकडे वळले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा काढून झालेली रानं होती. बालाजीचं घर गावाबाहेर आहे, पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे मोठं अंगण. त्या अंगणात ऐंशी लिटरचा बोर्ड मला दिसला आणि ओळखू आला नाही.

दोन लाकडी स्टुलांवर तो आडवा ठेवला होता. वर पांढरं धोतर अंथरलं होतं आणि धोतरावर कुरडया. आठ फूट लांबीच्या तीन ओळी. बाजूला बसून एक म्हातारी कावळे हाकत होती.

"आई, ह्या लातूरच्या मॅडम," बालाजी म्हणाला. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस.

"बसा बाई." म्हातारीने माझ्याकडे नीट बघून घेतलं. "ल्हान न्हेनार न्हवं? ल्हानच न्ह्या. त्येच्यावर काईबी ऱ्हात न्हाई, समदं घसरतंय. ह्यो लई कामाचा हाय."

बालाजी हसला. "तिला दोन वर्सं झाली सांगून राहिलो, हे वाळवणासाठी न्हाई. तर म्हणती, मग कशासाठी हाय ते दाखव. इथं काय दाखवू?"

लहान बोर्ड आत भिंतीवर, गोधड्यांच्या वर टांगलेला होता. टोकदार, सडपातळ, पांढरा. त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. एवढ्या धुळीच्या घरात हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही. मी मोजपट्टी काढून लांबी, रुंदी, जाडी लिहून घेतली. बालाजी शांतपणे बघत होता. मग त्याने विचारलं, "वजन किती, मॅडम?"

"बाहत्तर."

"आन् याआधी कधी बोर्डावर?"

"कधीच नाही."

"मग चाळीस कामून?"

मी वहीतली तिन्ही कारणं वाचून दाखवली. तिसऱ्यावर मला वाटलं, हा हसेल. पण तो आत गेला आणि पाण्याचा रिकामा, वीस लिटरचा जार घेऊन आला. "चला तलावावर."

पाझर तलाव घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मार्चमध्येही मध्यभागी दोन पुरुष पाणी होतं. काठावर तिघी बायका धुणं धूत होत्या. मी पोहण्याचा पूर्ण अंगाचा पोशाख आतून घालून गेले होते, वर सैल कुडता. हे आधीच ठरवलेलं होतं. जे ठरवलं नव्हतं ते बायकांचं बोलणं.

"ओ बाई, मगर धराया आलात का काय?"

"न्हाई गं, शूटिंग असंल."

"ह्या वयाची हिरोईन व्हय? मग आपलाबी नंबर लागंल की!"

मी म्हणाले, "लागेल. या आत." त्या खदखदून हसल्या, आणि मला बरं वाटलं. दोन दिवसांत मोकळेपणाने बोललेलं तेवढं एकच वाक्य असेल.

बालाजीने जारचं झाकण घट्ट लावलं आणि मला कमरेएवढ्या पाण्यात उभं केलं. "दाबा खाली."

मी दाबला. जार उसळून वर आला. दोन्ही हात आणि पोटाचा भार टाकला तेव्हा कुठे तो पाण्याखाली गेला, आणि हात सुटताच माझ्या हनुवटीला लागून निसटला. काठावर पुन्हा हशा.

"हे वीस लिटर," तो म्हणाला. "बोर्डाचे लिटर म्हंजी त्याच्यात किती पाणी मावतं ते न्हाई. पाण्यातली किती जागा तो घेतो, ते. जेवढी जागा घेतो तेवढं पाणी त्याला वर ढकलतं. चाळीस म्हंजी तुमच्या अंगाखाली असे दोन जार. ऐंशी म्हंजी चार. आता तुम्हीच सांगा."

सांगण्याऐवजी मी चाळीसवर पालथी पडले, कारण मला प्रत्यक्ष बघायचं होतं. जे जाणार आहेत त्यांच्यासाठी लिहिते : बोर्ड बुडत नाही, पण दिसेनासा होतो. पाणी छातीवरून गेलं, खांदे पाण्याखाली, हात मारायला उचलावे तर मान बुडते. मी वीस हात मारले आणि मोजून दोन फूट गेले. एकविसाव्याला बोर्ड एका बाजूने निघून गेला आणि मी दुसऱ्या.

त्यानंतर काठावर बसून बालाजीने जे सांगितलं ते मी ओल्याच हाताने उतरवलं. नवख्या माणसाने आपल्या वजनाच्या आकड्याएवढे लिटर तरी घ्यावेत. चाळिशी ओलांडली असेल, दंडात जोर कमी असेल, तर त्याहून थोडे जास्त. ज्याला येतं त्याला कमी लिटर लागतात, कारण लहान बोर्ड पटकन वळतो; ज्याला येत नाही त्याला तो फक्त दमवतो. नुसते लिटरही बघू नयेत. तेवढेच लिटर रुंद बोर्डात असले तर तो स्थिर राहतो, अरुंद आणि जाड असला तर डुगडुगतो.

"आन् लाट कुठली ते बघा," तो म्हणाला. "जोराची लाट असली तर ती स्वतः ढकलती, तिथं लहान बोर्ड चालतो. तुम्ही जाताय तिथं एप्रिलात लाट गुडघ्याएवढी, लई झालं तर कमरेएवढी. मऊ लाट. तिच्यात जोर न्हाई, म्हणून तो बोर्डात पाहिजे. खारट पाण्यात जराक वर राहाल इथल्यापेक्षा, पण त्या भरवशावर न्हाई जायचं."

मी म्हणाले, "कदाचित एक मैत्रीण येईल. ती सेहेचाळीस किलोची आहे. दोघींत एक घ्यायचा तर?"

"दोघींची सरासरी काढू नका. एकीला मोठा पडतो, दुसरीला लहान. येतात का नक्की, ते विचारून या. मग ठरवू."

नांदेड, संध्याकाळ

सुनंदा दोन वर्षांपासून नांदेडला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. आमच्यात सगळ्यात चांगलं पोहणारी ती. पाण्यात उतरली की आवाज होत नसे. दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ होतं आणि मागून नातवाचं रडणं ऐकू येत होतं.

"आलीस? वहीपण आणलीस?" ती म्हणाली. "बस. नाही, आत ये. नाही, थांब, याला घे आधी."

नातू माझ्या मांडीवर आला. त्याच्या कपाळावर सुनंदाचा पोहण्याचा चष्मा होता, निळा, एका बाजूचं रबर तुटलेला.

"अंघोळीला लागतो त्याला," ती म्हणाली. "साबण जात नाही डोळ्यात."

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी. लातूरच्या घरी मी एकटीसाठी येसराचं पीठ काढत नाही, म्हणून दोनदा आमटी घेतली. मुलगा आणि सून कामावरून यायची होती. मी जारचा किस्सा सांगितला. सुनंदा इतकी हसली, की तिला ठसका लागला. मग तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "दाखव वही."

पानावर चार नावं आणि चार वजनं होती. दोघींवर फुली. तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली. मला वाटलं, आता ती स्वतःची फुली स्वतःच मारणार. तिने सेहेचाळीस खोडलं आणि त्रेपन्न लिहिलं.

"खोटं कशाला ठेवायचं," ती म्हणाली. "दोन वर्षं पाण्यात पाय नाही घातला, मंगल."

"म्हणजे येतेस?"

"उद्या तलावावर तर येते. बघते मला काय होतंय ते. सकाळी सातला निघू."

मी 'सुनंदा, ५३' समोर छोटीशी बरोबरची खूण केली. पेन्सिलनेच.

१५ मार्च, रविवार. नांदेड, सकाळी सात

खाली गाडीजवळ उभी राहिले. सात वाजून पाच मिनिटांनी सुनंदा जिना उतरून आली. हातात स्टीलचे दोन डबे. मी आधी तिच्या पायांकडे बघितलं. घरातल्या रबरी चपला होत्या.

"धपाटे आहेत," ती म्हणाली. "आणि मुरमुऱ्यांची सुशीला वेगळ्या डब्यात, ती लगेच खा, मऊ पडते."

"सुनंदा."

"सुनेला आज बोलावलंय कामावर. रविवारचं." तिने गाडीच्या टपावरची धूळ तळहाताने पुसली, जणू गाडी तिचीच आहे. "आज नाही तर एप्रिलमध्येही असंच होणार. तुला माहितीय. मला कालच माहिती होतं. पण तू इतक्या लांबून आलीस."

"मग त्रेपन्न कशाला लिहिलंस?"

"लिहावंसं वाटलं गं." मग ती एकदम चिडल्यासारखी म्हणाली, "तू जा. नाही गेलीस तर बघ. मी सगळ्यांना सांगितलंय, माझी मैत्रीण समुद्रावर जाणारे म्हणून."

तिला मी मिठी मारली नाही. आम्ही मारत नाही. डबे तेवढे घट्ट धरले. गाडी वळवताना आरशात ती दिसली. हात हलवत नव्हती, डोळ्यावर ऊन येतं म्हणून कपाळाशी धरून उभी होती.

पुन्हा लोह्याच्या पुढे

त्या तासाभरात मी एक हिशेब केला, तो सांगायला हवा. एकटीने जायचं तर पाच दिवस अनोळखी भाषेत, अनोळखी माणसांत, पाण्यात. रात्री खोलीवर दुसरी खाट रिकामी. पडले-धडपडले तर सांगायला कोणी नाही, उभी राहिले तरी सांगायला कोणी नाही. हे दुसरं जास्त टोचलं. लोह्यात शिरता शिरता मी ठरवलं, की बालाजीचे आभार मानायचे, त्याच्या आईला थोडे धपाटे द्यायचे आणि रिकामी गाडी घेऊन लातूरला जायचं.

अंगणात स्टुलं रिकामी होती. मोठा बोर्ड धुऊन, पुसून भिंतीला उभा केलेला होता. म्हातारी उंबऱ्यात रुसून बसली होती.

"पहाटं उठून समद्या कुरडया पाटीत काढाया लावल्या ह्यानं," ती म्हणाली. "म्हणला, मॅडम येनार हायत. या आता."

त्यावर परत जाते म्हणणं मला जमलं नाही.

बालाजीने रस्त्याकडे बघितलं. "मैत्रीण?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. आणखी काही विचारलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. बोर्ड डोक्यावर घेऊन तो पुढे चालू लागला.

तलावावर आज कोणी नव्हतं. मी बोर्डावर पालथी पडले आणि पहिल्यांदा काय जाणवलं तर कोरडेपणा. पाठ कोरडी, खांदे कोरडे, मान वर. अंगाखाली चार जार होते. मी हात मारला आणि बोर्ड निघाला. काठ मागे जाऊ लागला. दहा, पंधरा, वीस. मग अचानक टोक पाण्यात घुसलं आणि मी डोक्यावरून गेले.

परत चढले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही टोक खाली गेलं. नाकातोंडात पाणी, वैताग. मला वाटलं आता हा बोर्डही नाही, आता काहीच नाही. बालाजी कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. तो ओरडला, "मॅडम, लई पुढं पडताय! मागं जागा कुणासाठी सोडलीय? मधी सरका!"

मी मान वळवून पाहिलं. खरंच, माझ्या पायांच्या मागे अडीच-तीन फूट बोर्ड रिकामा होता. बसमध्ये बाकावर बसताना सोडतो तसा, शेजारणीपुरता.

"मधोमध!" तो ओरडला. "अख्खा बोर्ड तुमचाच हाय!"

मी मागे सरकले. कोपरांवर, इंच इंच. सरकताना नाकाला झिणझिण्या आल्या होत्या, त्या पाणी गेल्यामुळेही असतील. बोर्डाचं टोक पाण्यातून वर आलं, दोन बोटं, आणि तिथेच राहिलं. मग मी हात मारत तलावाच्या मध्यापर्यंत गेले आणि उठून बसले, पाय दोन्ही बाजूंनी पाण्यात सोडून.

तिथे काही नव्हतं. वाऱ्याची बारीक सुरकुती, पलीकडच्या काठावर दोन बगळे. लाट नावाची गोष्ट तिथून किती दूर आहे, ते गाडीच्या प्रवासाच्या तासांत मला माहीत होतं. बालाजी काठावर फक्त एक ठिपका दिसत होता. मी किती वेळ बसले ते लिहिलेलं नाही. घड्याळ काठावर होतं.

परत आले तेव्हा बालाजी म्हणाला, "हाच न्ह्या."

"आणि लहान?"

तो वाळूतले खडे उचलून पाण्यात टाकू लागला. "आईनं लावलं म्हणून जाहिरात टाकली होती. तिला मोठा ठेवायचा होता. खरं सांगू, लहानाला गिऱ्हाईक येऊ नये असंच वाटून राहिलं होतं. तुम्ही फोनवर चाळीस म्हणलात तवा जेवण गेलं न्हाई." मग हसला. "इथं त्याला काई लाट न्हाई, ठाव हाय मला. असू द्या भिंतीवर."

म्हातारीचा प्रश्न मी सोडवला. साडेआठ फुटी चांगली फळी लातूरहून करून पाठवायची, कडा घासून, चीर जाणार नाही अशी. तिने लांबी-रुंदी हाताने दाखवली, मी मोजपट्टीने घेतली. धपाटे खाल्ल्यावर तिचा राग थोडा उतरला. टपावर बोर्ड ओरखडू नये म्हणून तिने स्वतःहून एक जुनी वाकळ काढून दिली. "एकलीच जानार समुद्रावर?" तिने विचारलं.

"हो."

"भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. "सांभाळून ऱ्हाशीला."

अहमदपूरला चहाला थांबले तेव्हा गाडीभोवती पाच-सहा जण जमले. एकाने बोर्डावर टकटक करून विचारलं, "बाई, ईमानाचं पंख हाय का?" दुसरा म्हणाला, "येडा का, लग्नातल्या देखाव्याचं हाय." मी त्यांना लिटरचं समजावून सांगितलं, जारसकट. त्यांनी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. हे सुनंदाला सांगायचं असं मनात ठरवलं आणि रात्री फोनवर सांगितलं. ती हसली, मागे नातू ओरडत होता, म्हणून लवकर ठेवला.

लातूर, पंधरा दिवसांनी

बोर्ड लिफ्टमध्ये मावला नाही, जिन्याने चढवला. वळणावर भिंतीचा पोपडा निघाला, तो भरून घेतला. आता तो बैठकीच्या खोलीत भिंतीशी उभा आहे आणि टीव्हीचा अर्धा पडदा झाकतो.

यादीची स्थिती अशी. म्हातारीची फळी : करून पाठवली, पोचल्याचा फोन आला, कुरडया राहिल्या नाहीत पण पापड बाकी आहेत म्हणाली. वाकळ : धुऊन फळीसोबत परत. बोर्ड तरणतलावात न्यायची परवानगी : मिळाली, दुपारी एक ते दोन, रोज जाते, आता चाळीस हात न थांबता होतात. बोर्डाच्या पाठीवर नाव आणि फोन : लिहिला.

राहिलं एक. समुद्रावरच्या लॉजला फोन करून सांगायचं, की दोन खाटांची खोली नको, एकीची द्या. पाच मिनिटांचं काम. रोज सकाळी ते जुन्या पानावरून नव्या पानावर उतरवून घेते.